रविवारची सीतादही

दसरा झाला की आदिलाबादहून बेल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटायला लागतो, आणि मला शिसारी येते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने असं बोलू नये, हे मला कळतं. माझं शिक्षण, माझी नोकरी, अंगावरचा सदरा, सगळं याच पिकातून आलं. पण परवा बसच्या खिडकीतून ते पांढरंशुभ्र शेत दिसलं आणि पुन्हा तेच झालं. पुढच्या सीटवरच्या एका मुलीने लगेच मोबाइल काचेला लावला, आणि 'काय भारी दिसतंय' असं शेजारणीला म्हणाली. मी मान फिरवून दुसऱ्या बाजूला बघायला लागलो, तर तिकडेही कापूसच.

आता तर हा एक धंदाच झाला आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला शहरातली जोडपी कापसात येतात. मुलीचा लांबलचक झगा पऱ्हाटीच्या झाडांत अडकतो, तो सोडवताना चार बोंडं खाली पडतात, नवरदेव ती बुटाने बाजूला सारतो आणि फोटोवाला ओरडतो, 'मॅडम, नॅचरल हसा!' धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला शेताचा मालक बिचारा त्यांच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन आलेला असतो. हे बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मग दोन पावलं पुढे गेल्यावर आठवतं की या सगळ्यांच्या आधी, गळ्यात कॅमेरा अडकवून, कापसात शिरलेला पहिला शहाणा मीच होतो.

मी आदिलाबादेत मराठी शाळेवर मास्तर आहे. चाळिशी उलटली की माणसाला एखादं खूळ लागतंच. आमच्या स्टाफरूममध्ये कोणी प्लॉट बघत हिंडतं, कोणी गुडघ्यांसाठी योगासनं करतं, एकजण कबुतरं पाळतो. मला फोटोचं खूळ लागलं. ओळखीच्या एका तेलुगू सरांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. तो घेऊन घरी आलो तर शोभा, माझी बायको, दारातच उभी.

"तुमाले भाजी आनाची आठवण राहत नाई, अन् हे काय गळ्यात लोढणं बांधून आनलं?"

लोढणं हा शब्द तिने अगदी नेमका वापरला होता, पण तो कळायला मला बरीच वर्षं लागली.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला फार मजा आली. वीस वर्षं ज्या रस्त्याने जात होतो त्या रस्त्यावर इतके पळस आहेत, हे मला कॅमेऱ्याने दाखवलं. तलमडुगूच्या बाजाराला निघालेल्या म्हातारीच्या टोपलीच्या भोकांतून तिच्या तोंडावर पडणारे उन्हाचे ठिपके, चहाच्या टपरीवरची वाफ, ज्वारीच्या कणसाला उलटी लटकून दाणे टिपणारी चिमणी, आणि दुपारी चारनंतर तुरीच्या फुलांवर उतरणारा तो पिवळा उजेड. फळ्यावर दरवर्षी तेच धडे लिहून डोळे आंबून गेले होते. ते पुन्हा ताजे झाले. दर रविवारी कुठेतरी जायचंच, असा मी घरात फतवा काढला. पोरांना आईस्क्रीमचं आमिष, शोभाला माहेरच्या रस्त्याने नेण्याचं आमिष, आणि मला फोटो.

आज ते फोटो संगणकावर उघडले की त्यात मला माझाच आवाज ऐकू येतो. एक मिनिट. हलू नको. पुन्हा एकदा. हनुवटी वर. फोटोत हा आवाज दिसत नाही म्हणून लोक म्हणतात, किती आनंदी कुटुंब आहे.

मुलाच्या अक्षराभ्यासाला आम्ही बासरला गेलो होतो. सरस्वतीपुढे पूजा झाली, पुजाऱ्यांनी पोराचं बोट धरून ताटातल्या तांदळात पहिलं अक्षर गिरवलं, आणि नेमकी त्याच क्षणी माझी बॅटरी संपली. मी दुसरी घातली आणि म्हणालो, पुन्हा एकदा घ्या. मागे रांग होती. पुजाऱ्यांनी रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तांदूळ हाताने सारखे केले आणि पुन्हा बोट धरलं. पोराला वाटलं, आपलं चुकलं म्हणून परत लिहायला लावतात. तो रडायला लागला. त्याच्या गालावरचा थेंब फोटोत इतका सुरेख आला आहे की नातेवाईक अजून विचारतात, कसा काढला? मी हसून सांगतो, जमून गेला.

कुंटाल्याच्या धबधब्याला गेलो तेव्हाचंही तेच. पहाटे उठून शोभाने पुऱ्या आणि वांग्याची भाजी केली होती. डबा उघडला तोच ऊन पाण्यावर आलं. मी सगळ्यांना खडकावर नेऊन उभं केलं. मोठ्या मुलीचा पाय घसरला, तिचा ड्रेस मागून सगळा शेवाळाने हिरवा झाला, म्हणून तिला समोरूनच घेतलं. परत येऊन बघतो तर डब्यात मुंग्यांची जत्रा. "आदी खाऊ द्याचं होतं लेकरायले," शोभा म्हणाली. मी काय केलं? मी मुंग्यांचा फोटो काढला. तो चांगला आला आहे, पुरीच्या फुगवट्यावर मुंग्यांची रांग आणि मागे धूसर पाणी. पोरं त्या दिवशी बिस्किटं खाऊन घरी आली.

या सगळ्यात एक माणूस मात्र कधी कंटाळलं नाही. ती माझी अक्का.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई शेतात असायची तेव्हा मला अंघोळ अक्काने घातली, शाळेत अक्काने नेलं, मार खाऊन आलो तर मारणाऱ्याच्या घरी भांडायलाही अक्काच गेली. पुढे तिचं लग्न झालं आणि ती बेल्याच्या पलीकडच्या एका गावात गेली. तिथून महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की तिच्या मोबाइलला कधी इकडचं नेटवर्क धरतं, कधी तिकडचं. भाऊजी अबोल, शेतात राबणारे. घरची जमीन काळी, कसदार. त्यात कापूस, मधेमधे तुरीच्या ओळी, आणि एका तुकड्यात खायची ज्वारी.

माझं फोटोचं खूळ पोरांनी सोसलं आणि शोभाने गिळलं. अक्काला मात्र त्याचं कौतुक. आपला भाऊ काहीतरी मोठं करतो आहे असं तिला मनापासून वाटायचं. मी तिच्या शेतात फुलावर, किड्यावर, कोळ्याच्या जाळ्यावर कॅमेरा लावून बसलो की ती कामातून उठून यायची. वाऱ्याने फांदी हलते आणि फोटो फिसकटतो, हे तिच्या बरोबर लक्षात आलं होतं. ती फांदी खालच्या बाजूने दोन बोटांत धरून ठेवायची, तेही बोटं फोटोत येणार नाहीत अशी. हे तिला मी शिकवलं नव्हतं. "आला का साजरा?" ती विचारायची. मी पडद्यावर दाखवायचो. तिला त्यात नीटसं दिसायचं नाही, तरी म्हणायची, "साजरा आला, बापू." मला ती लहानपणापासून बापूच म्हणते.

आमच्याकडे कापसाच्या वेचणीला एकदम हात घालत नाहीत. आधी सीतादही करायची. सकाळी घरची बाई दहीभात कालवून शेतात नेते. उगवतीच्या बाजूच्या धुऱ्यावर पाच पांढरे खडे धुऊन मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, पहिल्या बोंडातल्या कापसाचा धागा ओढून तो पऱ्हाटीला गुंडाळतात आणि दहीभात झाडांवर शिंपडतात. शेत दह्यासारखं पांढरं होऊ दे, एवढंच मागणं. हे सगळं अर्ध्या घटकेचं काम. पण ते होईपर्यंत वेचणाऱ्या बाया कमरेला कापूस ठेवायची ओटी बांधून धुऱ्यावर उभ्या राहतात, आणि त्यातली एकही बाई बोंडाला बोट लावत नाही. कितीही घाई असो, कितीही ओळखीचं शेत असो.

मागच्या वर्षी असाच कापूस फुटला होता. बऱ्याच दिवसांनी सगळं मनासारखं आलं होतं. अक्काची मुलगी प्रणाली, तिचं लग्न ठरलं होतं, उन्हाळ्यात होणार होतं. आमच्याकडे लेकीच्या गादीत घरचा कापूस घालतात, आणि तोही पहिल्या वेच्याचा, कारण तो सगळ्यांत स्वच्छ असतो, त्याला पाणी लागलेलं नसतं, त्यात काडीकचरा नसतो. अक्काने हे मला फोनवर सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

"बुधवारी सीतादही करतो म्हणून राह्यलो," ती म्हणाली. "कौसाबाईनं तिच्या बाया सांगून ठेवल्या हायत. तू येशीन का?"

कौसाबाई म्हणजे गावातल्या वेचणाऱ्या बायांची पुढारीण. तिच्या बाया मिळणं हीच त्या दिवसांत मोठी गोष्ट असते.

बुधवारी मला शाळा होती. शिवाय आठच दिवसांपूर्वी मी एक नवी लेन्स घेतली होती. डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. पांढरं शेत, कोणीही हात न लावलेलं, त्यात हिरव्या लुगड्यातली अक्का आणि हातात दह्याची वाटी. एकदा वेचणी सुरू झाली की शेत मध्येच काळं, मध्येच पांढरं दिसतं, त्याचा फोटो होत नाही. मी म्हणालो, "अक्का, इतवारी ठेव ना. आमी सगळेच येतो. पोरंबी येतीन."

"कौसाबाईच्या बाया मंग दुसऱ्याच्या वावरात जातीन," ती म्हणाली.

"चार दिवसानं काय होते, अक्का?"

"बरं," अक्का म्हणाली. "तू येतं तं इतवारीच करू."

तिने 'बरं' किती सहज म्हटलं होतं, हे मला आजही ऐकू येतं.

रविवारी आम्ही नऊ वाजता पोचलो. शेत खरोखर तसंच होतं. मी इतक्या वेळा त्या शेतात गेलो आहे, पण एवढं भरगच्च पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं. कौसाबाई तिच्या आठ-दहा बायांना घेऊन कडुलिंबाखाली बसली होती. त्यांनी ओट्या बांधल्या होत्या. अक्का ताट घेऊन तयार होती, खडे धुऊन ठेवले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला कळलं की ऊन फार कडक आहे. पांढऱ्यावर पांढरं ऊन, कपाळाखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. मी कॅमेरा खाली घेतला.

"अक्का, चार वाजता करू. उजेड साजरा येते तवा."

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. कौसाबाई उठून पुढे आली. "मास्तर, सीतादही सकाळी करतेत. आमी काय चार वाजेपर्यंत बसून राहाचं?"

"कौसाबाई, आता सावल्या फार काळ्या पडून राह्यल्या."

"सावल्या काळ्याच राह्यतात, मास्तर," ती म्हणाली, आणि बाया हसल्या. मीही हसलो. मला वाटलं, काय इरसाल बाई आहे, हिचाही एक फोटो काढला पाहिजे.

अक्काने ताटावर पदर झाकला आणि दहीभात सावलीत नेऊन ठेवला. बायांना तिने चहा केला. दुपारी भाकरी आणि ठेचा दिला. त्या बसल्या, लवंडल्या, एकमेकींच्या उवा बघत बसल्या. शेताच्या कडेला हात जोडून बसल्यासारखा तो दिवस गेला. मी मात्र हिंडत होतो, कोन शोधत होतो, कुठे उभं राहायचं ते दगड ठेवून नक्की करत होतो. तीनच्या सुमाराला भाऊजी माझ्याजवळ आले. दिवसभरात ते पहिल्यांदा बोलले.

"ढगं आल्यासारखे दिसून राह्यले."

मी वर पाहिलं. दक्षिणेकडून पातळसर पांढुरकी साय पसरत होती. "चांगलंच झालं, भाऊजी," मी म्हणालो. "ढगानं उजेड मऊ येते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी लावला नाही. मला वेळ नव्हता. ते परत जाऊन बांधावर बसले.

चार वाजता सीतादही झाली. पाच खडे, हळदकुंकू, धागा. दहीभात मात्र अक्काला तीन वेळा शिंपडावा लागला, कारण पहिल्यांदा तिचा हात तोंडावर आला आणि दुसऱ्यांदा पदर उडाला. दहीभात दिवसभरात आंबला होता, त्याला वास सुटला होता. तिसऱ्या वेळी वाटीत नुसतं दह्याचं पाणी उरलं होतं. तिने ते असं उधळलं की त्याचे थेंब मावळतीच्या उजेडात हवेत थांबल्यासारखे आले. मी आयुष्यात काढलेला तो सगळ्यांत चांगला फोटो आहे. मग बायांनी एकेक ओळ नावाला वेचली, तोवर दिवस बुडाला आणि त्या घरी गेल्या.

सोमवारी उजाडता उजाडता पाऊस लागला. समुद्रात कसलासा कमी दाब होता म्हणे. आदिलाबादेत आमच्या पत्र्यावर तो धडाधडा वाजत होता. शाळा सुटल्यावर मी भजी खात, खिडकीपाशी बसून, फोटो संगणकावर घेत होतो. रंग थोडे उजळले, कडेचा विजेचा खांब पुसून टाकला. संध्याकाळी तो सगळीकडे पाठवला. कौतुकाची नुसती रीघ लागली. तेलुगू सरांनी लिहिलं, 'चाला बागुंदि!' फार सुंदर आहे म्हणून. दूरच्या कोणा अनोळखी माणसाने विचारलं, ही बाई कोण, किती नैसर्गिक भाव आहे चेहऱ्यावर. मंगळवारीही पाऊस होता. मी अक्काला फोन केला.

आता जे सांगतो आहे ते लिहिताना माझी मलाच किळस येते. मी तिला फोन केला तो पावसाची चौकशी करायला केला नाही. तिचा फोटो किती लोकांना आवडला, ते सांगायला केला. मागे पाण्याचा आवाज येत होता. तो माझ्याकडचा की तिच्याकडचा, हेही मी बघितलं नाही.

"चांगलं झालं, बापू," अक्का म्हणाली. "लोकायले आवडला तं चांगलं झालं."

पाऊस गुरुवारी उघडला. पुढच्या रविवारी मी तो फोटो मोठा करून, काच बसवून, शोभाला आणि पोरांना घेऊन अक्काकडे गेलो. घरी कोणी नव्हतं, म्हणून शेतात गेलो. काळ्या मातीचा चिखल चपलांना असा चिकटला की पाय उचलेना. आणि मग वास आला. ओलं गोणपाट बंद खोलीत आठ दिवस पडलं तर येईल तसा, त्यात काहीतरी आंबल्याची भर. सगळं शेत त्या वासाने भरलं होतं. बोंडांतून कापूस लोंबत होता, मळक्या चिंधीसारखा, टोकाला पाणी धरून. काही ठिकाणी त्यावर काळे डाग चढले होते, काही ठिकाणी लाल ढेकण्या किड्यांचे झुबके बसले होते. एक बोंड मी हातात घेतलं तर ते बुळबुळीत लागलं. बोटांनी उकललं, तर आतली सरकी तिथेच, झाडावरच, कापसाच्या आत उगवली होती. हिरवे, वाकडे कोंब त्या घाणीतून बाहेर डोकावत होते. पहिल्या वेच्याचा कापूस तो. प्रणालीच्या गादीचा.

मी बोटं पँटला पुसली. पुन्हा पुन्हा पुसली, तरी तो बुळबुळीतपणा जाईना.

मग माझी नजर एका बोंडावर गेली. त्यातून निघालेल्या कोंबाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब होता, आणि त्या थेंबात मागची तुरीची पिवळी फुलं उलटी दिसत होती. गळ्यात कॅमेरा होताच. तो केव्हा डोळ्याला लागला ते मला कळलंसुद्धा नाही. वारा होता, फांदी हलत होती, थेंब धूसर होत होता. मी श्वास रोखून वाट बघत होतो.

आणि फांदी हलायची थांबली.

चौकटीच्या अगदी खालच्या कडेला मला दोन बोटं दिसली. चिखलाने भरलेली, नखांत काळं गेलेलं. अक्का कधी येऊन माझ्या बाजूला बसली होती, मला पत्ता नव्हता. तिने फांदी धरली होती, नेहमीसारखी, बोटं फार वर येणार नाहीत अशी. तिच्याच कुजलेल्या कापसाचा फोटो नीट यावा म्हणून.

मी बटण दाबलं. दाबायला नको होतं, पण दाबलं.

"आला का साजरा?" अक्काने विचारलं.

मी तिला दाखवला. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "साजरा आला," ती म्हणाली. मग उठली आणि वेचायला लागली, चांगला निघेल तो एका ओटीत, काळा निघेल तो दुसऱ्या. दुसरी ओटी लवकर भरत होती. शोभाने पदर खोचला आणि ती तिच्या बाजूच्या ओळीत शिरली. पोरंही गेली. मी धुऱ्यावर काचेचा फोटो सांभाळत उभा राहिलो, कारण तो ठेवायला कोरडी जागा नव्हती.

परतताना बसमध्ये शोभा नखांतला चिखल काढत होती. मग एकदम म्हणाली, "अख्ख्या दिवसात तुमी अक्काले कापसाचा येक शब्द विचारला नाई." ते खरं होतं. काय विचारणार होतो?

प्रणालीचं लग्न उन्हाळ्यात झालं, चांगलं झालं. गादीत विकतचा कापूस होता. मांडवात गादी उचलताना कौसाबाईने ती हाताने दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं, हे मी पाहिलं. लग्नाचे फोटो अर्थातच मीच काढले.

कॅमेरा मी नदीत वगैरे फेकून दिला नाही. ज्या माणसाला आपली किळस येते तो माणूस असं काहीतरी करतो, असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात त्याच हाताने तो जेवतो, त्याच हाताने फळ्यावर लिहितो, आणि रविवारी पोरांना घेऊन कुठेतरी जातो. मी आता कमी काढतो. कुणाला थांबवत नाही, म्हणजे थांबवायचं नाही असं ठरवतो आणि चारातल्या तीन वेळा पाळतो. तो थेंबाचा फोटो मी पुसून टाकला. सीतादहीचा मात्र अक्काच्या पुढच्या खोलीत लावलेला आहे. तिने स्वतः खिळा ठोकून लावला. येणारे-जाणारे त्यापुढे थांबतात, वा वा करतात, आणि अक्का म्हणते, "आमच्या बापूनं काहाडला." मी त्या खोलीत भिंतीकडे पाठ करून बसतो.

यंदा दसरा झाला तेव्हापासून मी अक्काच्या फोनची वाट बघत होतो. ती विचारेल, कधी येतो, आणि मी म्हणेन, माझ्यासाठी थांबू नको, उद्याच कर. हे वाक्य मी बसमध्ये, वर्गात, अंघोळीला बसल्यावर, सगळीकडे घोकून ठेवलं होतं. प्रणालीला दिवस गेले आहेत, ती माहेरी आली आहे. लेकराच्या गादीलाही पहिल्या वेच्याचाच कापूस लागतो, हे यंदा मला कोणी सांगायची गरज नव्हती. फोन आला नाही. मला वाटलं, यंदा अक्काकडे कापूस उशिरा फुटला असेल.

काल दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर प्रणालीने मोबाइलवर काढलेला एक फोटो आला. त्यात अक्काचं डोकं वरून कापलेलं होतं. एका कोपऱ्यात प्रणालीचं बोट आलं होतं, लालसर, जाडजूड. शेत एका बाजूला घसरल्यासारखं तिरकं. ऊन डोक्यावरचं. मागे बाया वाकलेल्या, आणि निम्म्याहून जास्त शेत वेचून मोकळं, काळं झालेलं. माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? फोटो वाकडा आहे. हे आधी आलं, आणि मग कळलं की वेचणी सुरू होऊन बरेच दिवस झाले आहेत.

मी अक्काला फोन लावला.

"अक्का, सीतादही झाली?"

"हाव. मागच्या बुधवारीच झाली. कापूस लय साजरा निंगून राह्यला, बापू. कोरडा, पांढरा. लेकराच्या गादीचा काहाडून बी ठेवला."

"मले सांगतलं नाई?"

पलीकडे बायांच्या बोलण्याचा गलका येत होता. त्यात कौसाबाईचा आवाज मी ओळखला.

"मी इतवारी ठेव म्हटलं नसतं, अक्का," मी म्हणालो. "खरंच नसतं म्हटलं."

"तू नसतं म्हटलं," ती म्हणाली. "पण म्या इतवारीच ठेवली असती."

पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच राहिलं.

"ठेवू आता? बाया खोळंबल्या," अक्का म्हणाली, आणि मी हो म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला होता.